लिम अंकलचा बंद खोका

“कुठंय? कुठंय ते भूत? दाखव मला! आत्ताच्या आत्ता, ह्या टेबलावर दाखव!”

बाबा इतक्या मोठ्यानं ओरडत होते, की आमच्या अकराव्या मजल्याच्या खिडकीत रोज येऊन बसणारी साळुंकी थेट मलेशियात उडून गेली आणि आजतागायत परतलेली नाही. रविवारची भर दुपार होती. आई भाकऱ्या थापत होती, तिचे दोन्ही हात पिठात होते आणि तव्यावरची भाकरी करपत चालली होती, पण ती उलटायचं कुणाला सुचत नव्हतं. टेबलाखाली माझी सहा वर्षांची बहीण प्रज्ञा कानांवर हात दाबून बसली होती. टेबलावर एक तपकिरी खोका होता, बुटांच्या खोक्याहून जरा मोठा, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केलेला. वरच्या पट्टीवर काळ्या मार्करनं लिहिलेली पाच चिनी अक्षरं. बाबांच्या हातात आईची भाजी चिरायची सुरी होती. आणि मी, वय वर्षं चौदा, ह्या सगळ्या प्रकरणाची एकमेव लेखिका, भिंतीला पाठ लावून उभी होते.

“संघमित्रा, बोल. काय आहे ह्यात?”

घरात मला मितू म्हणत. पूर्ण नाव आलं की समजायचं, आज काही खरं नाही.

“बाहुली,” मी म्हणाले.

“नुसती बाहुली?”

“भुताची बाहुली.”

“काय करते ती?”

“काही नाही करत, बाबा.”

“काही नाही करत? मग ही पोरगी दोन दिवस जेवत का नाही?”

ह्याचं खरं उत्तर चार शब्दांचं होतं. ते मी वेळेवर दिलं नाही, म्हणून आज एवढं लांबण लावून लिहावं लागतंय.

मी खोटारडी होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं फसवलं असं कुणी म्हणायला नको. आता माझं वय काही आठवणी लिहायचं नाही, तिशी परवाच ओलांडली आहे. पण माझ्या कंबरेला विचाराल तर ती साठीची आहे, आणि मनाला विचाराल तर ते त्या रविवारी एकदम सत्तरीत गेलं ते खाली उतरलंच नाही. तर खोटारडी म्हणजे कशी? शाळेत मी सांगितलं होतं की आमच्या नागपूरच्या घरी वाघ पाळलेला आहे आणि तो शाकाहारी आहे. एम.आर.टी.त, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत मगर होती. आमची आई लहानपणी सर्कशीत होती. ह्यातलं काहीही मी कुणाच्या वाईटासाठी सांगितलं नाही. समोरच्याचे डोळे मोठे झाले की मला पोट भरल्यासारखं वाटायचं, एवढंच.

आणि जन्म कुठं घ्यावा? तर अशा घरात, जिथं रोज सकाळी सहाला सगळ्यांनी उभं राहून त्रिसरण-पंचशील म्हणायचं. हॉलच्या भिंतीवर दोन फोटो होते, एक डोळे मिटून बसलेला आणि एक चष्म्यातून सरळ बघणारा. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. त्या ओळीला बाबांचा आवाज किंचित चढायचा आणि डोळे मिटलेले असूनही त्यांचा चेहरा माझ्या दिशेला वळायचा. बाबा गोंदाचे डॉक्टर होते. हे मात्र खोटं नव्हे. वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत ते चिकट पदार्थांवर संशोधन करायचे. कशाला काय चिकटतं, किती काळ चिकटतं, आणि ओढलं तर आधी काय सुटतं. बेडोकच्या घरापासून प्रयोगशाळेजवळच्या ब्युओना व्हिस्टा स्टेशनापर्यंत तासभर उभ्यानं जाताना ते शोधनिबंध वाचायचे. त्या माणसानं आयुष्यात कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आत्याबाईंच्या लग्नाच्या साडीबद्दल विचारलं तेव्हासुद्धा त्यांनी “रंग भडक आहे” असंच सांगितलं होतं, आणि त्या पुढं दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत.

आमच्या घरात भुताला प्रवेश नव्हता. भीती वाटते म्हणून नव्हे. मानायचंच नाही म्हणून. देव नाही, भूत नाही, अमावस्या नाही, मांजर आडवं गेलं तर ते मांजर कामाला चाललंय. माझ्यासारख्या मुलीला ह्यानं किती अडचण होते ते कुणी विचारत नाही. गोष्टी रचायचा निम्मा माल घरात निषिद्ध!

समोरच्या दाराआड मात्र तो माल गोदामभर होता.

समोर लिम अंकल राहायचे, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा आ-बून. आमची ओळख वासानं झाली. आई बेडोकच्या बाजारातून इकान बिलिस आणायची, म्हणजे आपल्या सुकटीचे मलेशियातले चुलतभाऊ, आणि ते भरपूर लसूण, लाल तिखट घालून परतायची. त्या वासानं वरच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा गॅस गळतो म्हणून तक्रार केली होती. पण आ-बूनचं नाक उलटं होतं. वास सुटला की पाच मिनिटांत समोरचं लोखंडी जाळीचं दार खडखडायचं आणि तो रिकामी वाटी घेऊन उभा. “आंटी, टुडे हॅव?” आई आम्हाला नंतर वाढायची, त्याला आधी.

आ-बून जुरोंग आयलंडवर कुठल्याशा कारखान्यात तंत्रज्ञ होता. कंपनीच्या बसनं अंधारात जायचा, अंधारात यायचा, आणि कमावलेलं सगळं भुतांवर घालवायचा. त्याच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं, आत बारीक दिवे, आणि दिव्यांखाली उभी असलेली वीतभर उंचीची एकेक पिशाचं. कपाळावर पिवळा कागद चिकटवलेलं, हात पुढं करून उड्या मारत येणारं चिनी मढं. तोंड नसलेली शाळकरी मुलगी. मान कोपरापर्यंत लांब झालेली म्हातारी, तिच्या प्रत्येक सुरकुतीला वेगळा रंग. मी सांगते, त्या म्हातारीच्या नखाखाली माती होती! नुसती रंगवलेली नव्हे, खरी वाटावी अशी माती. बँकॉकचे, ओसाकाचे कलावंत अशा मूर्ती मोजक्याच ओतायचे, तळाला आकडा घालायचे आणि साचा मोडून टाकायचे. मग जगभरातले आ-बून त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांत नावं टाकून महिनोन् महिने वाट बघायचे. “सी विथ आइज, नॉट विथ हँड,” तो मला सांगायचा. आणि मूळ खोके तो मूर्तींइतकेच जपायचा. खोका फाटला की निम्मं मोल गेलं, असा त्यांच्यातला कायदा होता.

लिम अंकलना ह्यातलं काही कळायचं नाही. त्यांना फक्त पार्सल उघडायला आवडायचं. पोस्टमन आला की मुलगा घरी येईपर्यंत त्यांना दम निघायचा नाही, आणि रोज संध्याकाळी समोरून एकच भांडण ऐकू यायचं: “पाऽऽ! व्हाय यू ओपन?”

मग एका पहाटे कंपनीची बस चुकली म्हणून आ-बून मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसला. हे वाक्य मी फुगवणार नाही. ह्यात फुगवायला जागा नाही.

खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर पाच दिवस त्याच्या मयताचा मांडव होता. बाबा रोज कामावरून थेट तिथं जाऊन बसायचे. आईनं त्या दिवसांत सुकट केली नाही, आणि पुढं कितीतरी महिने ती दार-खिडक्या बंद करूनच करायची. वास सुटला आणि कुणी आलं नाही तर काय करायचं, म्हणून.

दोन वर्षांनी सातवा महिना लागला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते: चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी मिळते. सगळे आपापल्या घरी जेवायला येतात. इमारतींखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी मोटारी जळत असतात आणि त्यांची राख वर उडून अकराव्या मजल्यावर आमच्या वाळत घातलेल्या गणवेशावर येऊन बसते. गवताच्या कडेला संत्री, भात, उदबत्त्या. समोरच्या मैदानात गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. मी एकदा त्या रांगेत बसून आले, असं शाळेत सांगितलं होतं. बसले नव्हते. माझी हिंमत झाली नव्हती.

त्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी लिम अंकलनी बाबांना लिफ्टपाशी गाठलं.

“डॉक्टर, यू पीपल डोन्ट बिलीव्ह घोस्ट, राइट?”

“नो घोस्ट, नो गॉड,” बाबा छाती काढून म्हणाले.

“गुड, गुड. देन वन मंथ कॅन हेल्प मी?”

भानगड अशी होती की आंटीला ती कपाटातली पिशाचं ह्या महिन्यात घरात नको होती. मुलगा घरी यायचा महिना. ही असली तोंडं बघून दुसरी, भुकेली, कुणाचीच नसलेली भुतं ‘हे आपल्यातलंच घर दिसतंय’ म्हणून आत शिरतील आणि त्याच्या ताटातलं खाऊन जातील, असं तिचं म्हणणं. टाकून द्यायला अंकल तयार नव्हते. मग ज्या घरात भूत मानतच नाहीत, तिथं भुतं ठेवायला कसली हरकत? बाबांना ही मांडणी इतकी आवडली की त्यांनी स्वतः ट्रॉली ढकलली. मी शाळेत दोनशे मूर्ती सांगितल्या. होत्या बावीस. स्वयंपाकघराशेजारच्या स्टोअररूममध्ये, तांदळाच्या पोत्याच्या वरच्या फळ्यांवर त्या बसल्या.

शेवटचा खोका अंकलनी ट्रॉलीवर ठेवला नाही. तो त्यांनी पोटाशी धरून आणला आणि माझ्या हातात दिला. बाबा तेव्हा आत फळ्या पुसत होते.

“धिस वन पोंतियानाक,” ते म्हणाले. पोंतियानाक म्हणजे बाळंतपणात गेलेली, पांढऱ्या कपड्यातली, केस सोडलेली मलाय हडळ. “व्हेरी रेअर. आ-बून टेप हिमसेल्फ. ही राइट हिअर, सी? ‘पा, डोन्ट ओपन.’ ही नोज मी. आय एव्हरीथिंग आल्सो ओपन.” ते हसले. मग हसू तसंच तोंडावर ठेवून म्हणाले, “दॅट वीक ही गो. सो आय डोन्ट ओपन. टू इयर्स ऑलरेडी. आय नेव्हर सी इनसाइड.” आणि आपल्या जाळीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. “यू डोन्ट टेल पीपल, हां? दे थिंक अंकल सिली.”

मुलगा बापाशी शेवटचं जे बोलला, ते त्या पट्टीवर होतं. मला ते कळलं. चौदाव्या वर्षी सगळं कळतं. आणि मी शब्द पाळला, कुणालाही सांगितलं नाही. माझ्या त्या वर्षातली एवढी एकच खरी गोष्ट, आणि नेमकी तीच मी गिळून बसले.

पण खोका तर घरात होता. रोज दिसत होता. आणि प्रज्ञानं विचारलं, “ताई, व्हॉट्स इनसाइड?”

मी काय काय सांगितलं त्याची आता लाज वाटते, आणि तेव्हा किती मजा वाटली ते आठवून आणखी वाटते. आधी सांगितलं की ती अक्षरं म्हणजे पुजाऱ्यानं घातलेलं बंधन आहे. ते फिकं पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी ती अक्षरं रक्तानं लिहिली, जे सुकून काळं झालंय. मग आतली बाई दुपारी केस विंचरते, कान लावलास तर ऐकू येईल. प्रज्ञानं कान लावला. मी दाराच्या फटीतून आईचा कंगवा फरशीवर ओढला. ती किंचाळली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि तिच्या पायांखाली पाणी झालं. “ताई, डोन्ट लाह,” नको ना, एवढंच म्हणाली. तिथं मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी म्हणाले, ती दोन वर्षं उपाशी आहे, आणि ह्या महिन्यात तिच्या आधी जो जेवेल त्याच्या तोंडाचा तिला वास लागतो.

प्रज्ञानं जेवण सोडलं. शुक्रवारी शाळेतला डबा तसाच आला. शनिवारी ताप असेल म्हणून आईनं पेज केली, ती तिनं तोंडात धरून मोरीत थुंकली. रविवारी दुपारी आईनं तिला लोण्याचा गोळा घालून पहिली भाकरी दिली आणि पुन्हा पिठाकडं वळली. बाबा पाणी प्यायला आत आले, आणि त्यांनी पाहिलं की त्यांची धाकटी मुलगी स्टोअररूमच्या बंद दारासमोर ती भाकरी ताटलीत ठेवून, हात जोडून, डोळे मिटून बसली आहे. “यू ईट फर्स्ट,” ती दाराला सांगत होती. “प्लीज, यू ईट फर्स्ट.”

मला तेव्हा वाटलं, बाबा चिडले ते त्यांच्या तत्त्वांसाठी. नैवेद्य, आणि तोही भुताला, आणि तोही ह्या घरात! खरी गोष्ट मला आईनं फार नंतर सांगितली, मी नोकरीला लागल्यावर. आत्याबाईंखेरीज बाबांना आणखी एक बहीण होती, थोरली. तिचा फोटोसुद्धा नाही. ती तापात बडबडायला लागली तेव्हा कुणी म्हणालं, हिला लागीर झालंय. दवाखान्याऐवजी भगत आला, मिरच्यांची धुरी झाली. आणि गावाच्या वेशीवर उतारा ठेवायला घरातल्या सगळ्यांत लहानाला पाठवायचं असतं म्हणून बाबांना पाठवलं. ते सहा वर्षांचे होते. हातात भाकरी, भाकरीवर हळद-कुंकू. मागं वळून बघायचं नाही असं सांगितलं होतं, ते त्यांनी पाळलं. परत आले तेव्हा बहीण गेलेली होती.

त्या दुपारी मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की बाबा त्या ताटलीकडं बघत बराच वेळ उभे राहिले, वाकून त्यांनी भाकरी उचलली, आणि मग ते ओरडायला लागले.

आता पुन्हा टेबलापाशी येऊ. सुरी खोक्याच्या वरच्या कडेवर टेकली होती.

“प्रज्ञा, बाहेर ये. बघ, बाबा आत्ता उघडतायत. आत प्लास्टिकची बाहुली निघेल. डोळ्यांनी बघ, म्हणजे संपलं.”

“बाबा, नको!” मी पुढं झाले. “उघडू नका. ती पट्टी आ-बूननं लावलीय!”

“आ-बूननं?”

“हो. त्यावर त्यानंच लिहिलंय. उघडू नको म्हणून लिहिलंय. मरायच्या आधी!”

टेबलाखालून प्रज्ञानं असा आवाज काढला की आईच्या हातातलं पीठ खाली पडलं. माझी पहिली पूर्ण खरी गोष्ट मी घरात सांगितली आणि प्रज्ञाला तिची माझ्या सगळ्या खोट्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

बाबा आईकडं वळले. “ऐकलंस? अजून चालूच आहे हिचं. प्रज्ञा आत्ताच म्हणाली ना, आधी पुजाऱ्यानं लिहिलं होतं. मग रक्तानं लिहिलं होतं. आज तो बिचारा गेलेला मुलगा येऊन लिहून गेला. त्याला तरी सोड, संघमित्रा! त्याच्या मांडवात बसलो होतो आपण.”

“अहो, जरा थांबा,” आई म्हणाली. “ती रडतेय.”

“ती हवं तेव्हा रडते.”

हे खरं होतं. मला हवं तेव्हा रडता यायचं.

त्यांनी पट्टी कापली. चिकट पदार्थांच्या डॉक्टरांना पट्टी कशी कापावी हे माहीत होतं, एका दमात, सरळ. आत फुग्यांचं प्लास्टिक, त्यात चकचकीत काळा खोका, त्याला पारदर्शक खिडकी. बाबांनी तो उघडून आतली मूर्ती बाहेर काढली, आणि तिचं डोकं त्यांच्या तळहातावर घरंगळलं.

इतकं सुंदर काही मी आ-बूनच्या कपाटातही पाहिलं नव्हतं, आणि इथं मी अतिशयोक्ती करत नाही. लुगड्यासारखं पांढरं वस्त्र, त्याची प्रत्येक चुणी ओली वाटावी अशी. हातात न दिसणारं मूल धरल्यासारखे वाकवलेले कोपर. आणि बाबांच्या तळव्यावर तो अंगठ्याएवढा चेहरा, केसांसकट, वर बघत. मान स्वच्छ तुटलेली होती.

तळाशी घडी घातलेला एक कागद होता. विकणाऱ्याचा छापील फॉर्म, आ-बूनच्या इंग्रजी अक्षरांत भरलेला: आली तेव्हाच मान तुटलेली होती. परत पाठवत आहे. बदलून द्यावी.

म्हणजे तो परत पाठवायचा खोका होता. पोस्टात जायचा. मध्येच पा उघडून बसू नये म्हणून त्यानं वर लिहून ठेवलं होतं. तेवढंच. दोन वर्षं अंकल जे उराशी धरून बसले होते ते मोडकं पार्सल होतं.

प्रज्ञा टेबलाखालून बाहेर आली. टाचा उंचावून तिनं बाबांच्या हातात पाहिलं. “शी इज सो स्मॉल,” म्हणाली. मग खुर्चीवर चढून बसली आणि दोन भाकऱ्या जेवली, एक करपलेली. बाबांचा इलाज लागू पडला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

बाबा तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. “चिनीत खरंच तेच लिहिलंय?”

“पा, उघडू नको.”

“तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्या दिवसापासून. अंकलनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं.”

“मग आज तरी सांगायचंस.”

“सांगितलं,” मी म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तेव्हाही, आणि आजही कधी कधी.

“चिकटवा ना बाबा,” मी म्हणाले. “तुम्हाला येतं. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“येतं,” ते म्हणाले. “पण ते गोंदानं बोललेलं खोटं होईल.” त्यांनी डोकं मानेपाशी टेकवून ठेवलं, कागद होता तशा घडीत होता तिथं ठेवला, फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलं आणि कापलेल्या पट्टीवर नवी, पारदर्शक पट्टी लावली. त्यांच्या हाताला घाई नव्हती. मग वहीचं पान फाडून त्यावर इंग्रजीतून तीन मुद्दे काढले. एक, खोका मी उघडला, मुलीनं अडवलं होतं तरी. दोन, माफी. तीन, मान आधीच तुटलेली होती, आत कागद आहे. प्रयोगशाळेत चूक झाली की ते असंच लिहायचे.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही समोर गेलो. बाबांच्या हातात खोका, माझ्या हातात सुकटीची वाटी. महिना लागला तेव्हा आंटीनं आईला चाचरत विचारलं होतं, त्याला आवडायची, रविवारी थोडी करशील का त्याच्यासाठी. आईनं आम्हाला एवढंच सांगितलं होतं, “मी भूत मानत नाही. पण त्याला आवडायची.” आणि त्या दिवशी तिनं दार-खिडक्या उघड्या टाकून सुकट परतली.

आत टेबलावर तीन माणसांचं जेवण मांडलेलं होतं. तिसऱ्या खुर्चीसमोर भात, कापलेली कोंबडी, दुकानातून बांधून आणलेली प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी, तिच्या दोरीला गाठ. आंटीनं माझ्या हातून वाटी घेतली आणि चमच्यानं सुकट त्या तिसऱ्या भातावर नीट, कडेला, जरा जास्तच वाढली. बाबांचं लक्ष त्या ताटावर गेलं ते हटेना.

“मिस्टर लिम,” ते उभ्यानंच म्हणाले, “आय हॅव डन अ राँग थिंग.” आणि पहिला मुद्दा सांगितला. मग दुसरा.

अंकलनी खोका घेतला. अंगठा पट्टीवरून फिरवला. सुरी अक्षरांच्या मधूनच गेली होती, ‘पा’ एकीकडं राहिलं होतं आणि ‘उघडू नको’ दुसरीकडं. नव्या पट्टीखाली ती दोन्ही शेजारी शेजारी होती, मध्ये केसाएवढी फट. अंकल त्या फटीवर अंगठा ठेवून उभे राहिले. खाली कुणीतरी पिंपात काही जाळत होतं, त्याची राख खिडकीतून आत येऊन फरशीवर बसत होती. आंटी फडक्यानं ती टिपत होती, एकेक.

“ही टेल मी डोन्ट ओपन,” अंकल म्हणाले. “आय नेव्हर ओपन.”

“नो. यू नेव्हर,” बाबा म्हणाले.

“यू ओपन.”

“येस.”

“सो यू सी ऑलरेडी.”

“येस.”

अंकलनी आंटीकडं पाहिलं. तिची पाठ आमच्याकडं होती, तिसऱ्या ताटाजवळच्या चॉपस्टिक ती सरळ करत होती. त्यांनी आवाज उतरवला आणि लहान मूल दुकानाच्या काचेशी वाकतं तसे ते बाबांकडं वाकले.

“नाइस ऑर नॉट?”

तिसरा मुद्दा बाबांच्या खिशात होता. कागदाचं टोक मला दिसत होतं. माझ्याकडं ह्या प्रश्नाची पन्नास उत्तरं तयार होती, एकाहून एक सरस. मी बाबांकडं पाहिलं.

“नाइस,” बाबा म्हणाले.